तळपायाचा मेलानोमा: शस्त्रक्रिया आणि औषधांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईच्या टाचेवर मेलानोमा निघाला तेव्हा गोव्यात आमच्या डिचोलीत हा शब्द ऐकलेला माणूस मला भेटला नव्हता. आता महिन्याला एखादा फोन येतोच. कुणी पेडण्याहून, कुणी वाळपईहून, परवा तर काणकोणहून एका सुनेचा आला. प्रश्न थोडेफार तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. आईबरोबर तीन वर्षे इस्पितळांच्या बाकांवर बसून जे कळले आणि तिच्या डॉक्टरांकडून पुन्हा पुन्हा विचारून जे पक्के केले, तेवढेच इथे आहे.

मेलानोमा म्हणजे नेमके काय?

कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. कातडीच्या इतर कॅन्सरपेक्षा हा लवकर पसरतो, हीच त्याची खोड. भारतात तो कमी दिसतो, त्यामुळे लोकांना तर सोडाच, कधी कधी डॉक्टरांनाही पटकन आठवत नाही.

आम्ही सावळी माणसे. हा तर गोऱ्यांचा आजार ना?

हणजुण्याच्या किनाऱ्यावर पालथे पडून अंग भाजून घेणारे पाहुणे दिसतात, त्यांच्या कातडीला होतो तो प्रकार उन्हाशी जोडलेला आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्याचे प्रमाण जगात सर्वांत जास्त आहे. आपल्या लोकांत तो कमी होतो, पण होतो तेव्हा बहुतेकदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली, नाहीतर तोंडाच्या किंवा गुदद्वाराच्या आतल्या अस्तरात. म्हणजे जिथे कुणी बघत नाही अशाच जागी.

किनाऱ्यावरच्या निम्म्या शॅकमध्ये ज्याचे चित्र टांगलेले असते, तो सावळा जमैकन गायक बॉब मार्ली याच आजाराने गेला. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा होता. १९७७ मध्ये निदान झाले, अंगठा काढायला तो तयार झाला नाही, आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी वारला. ‘गोऱ्यांचा आजार’ म्हणणाऱ्याला मी एवढेच सांगते.

मग उन्हात शेती केल्यामुळे झाला असे म्हणायचे का?

तळपायाच्या मेलानोमाचे खापर उन्हावर फोडता येत नाही. आई जन्मभर वायंगणाच्या भातशेतीत अनवाणी राबली, त्याचाच हा परिणाम, असे बाबा अजून म्हणतात. पण आयुष्यात चप्पल न काढलेल्यांनाही हा होतो. स्वतःला दोष देत बसण्यासारखे यात काही नाही.

कुरूप, काजूचा डाग आणि मेलानोमा यांत फरक कसा ओळखायचा?

घरच्या घरी खात्रीने ओळखता येत नाही, हे आधी सांगते. पण शंका कधी घ्यायची ते ठरवता येते.

काजूच्या दिवसांत बिया भाजणाऱ्यांच्या हातापायांना तेल लागते, कातडी काळी पडते, सोलते आणि काही आठवड्यांत नवी येते. तो डाग जातो. आईच्या टाचेवरचा डाग मात्र पुढच्या वर्षीच्या काजूपर्यंत तिथेच होता आणि रुंदावला होता. तरी आम्ही काजूलाच बोल लावला. मग कुरूप म्हणून औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणल्या, त्या वर्षभर लावल्या.

डागाचा एक अर्धा दुसऱ्यासारखा नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर असे रंग असणे, तो वाढत जाणे: यातले एक जरी असले तरी दाखवा. सर्वांत मोठी खूण म्हणजे बदल. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. काही मेलानोमा काळे नसतातच. गुलाबी मांस वाढल्यासारखे दिसतात, भळभळतात, आणि घरात मधुमेह असला की ‘साखरेची जखम’ म्हणून महिनोन्महिने ड्रेसिंग चालते. तळपायाची जखम महिना-दीड महिन्यात भरत नसेल तर तिचा तुकडा तपासायला सांगा.

नखाचे थोडे वेगळे. सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांवर फिकट काळ्या उभ्या रेघा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत चालली, काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवरही उतरला, तर थांबू नका. ठेच लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. महिन्याच्या अंतराने दोन फोटो काढले की सरकते आहे की नाही ते दिसते.

बायोप्सी केली, सुरी लागली, की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरे का?

नाही. पसरतो तो न तपासल्यामुळे.

आमची चूक इथेच झाली. एका दवाखान्यात तो डाग ‘चामखीळ आहे’ म्हणून मशीनने जाळून टाकला. दहा मिनिटांचे काम, आई खूश. पण जाळलेल्यातून तपासायला काहीच उरले नाही. आठ महिन्यांनी त्याच जागी पुन्हा काळे आले तेव्हा कॅन्सर कळला. मूळचा डाग किती खोल होता हे मात्र कधीच कळले नाही, आणि पुढे प्रत्येक डॉक्टरने तोच प्रश्न विचारला.

म्हणून डाग जाळून घेऊ नका, वरवर खरवडूनही नको. लहान डाग असेल तर १ ते ३ मिलिमीटर कडेसकट पूर्ण काढून पॅथॉलॉजीला पाठवतात. टाचेवरचा मोठा डाग असेल तर त्याच्या सर्वांत जाड भागातून तुकडा घेतात. अंगावरून काढलेले काहीही कचऱ्यात जाता कामा नये.

रिपोर्टमध्ये आधी काय बघायचे?

‘ब्रेस्लो’ हा शब्द शोधा. त्याच्यापुढे मिलिमीटरमध्ये आकडा असतो, तो डागाची खोली सांगतो. १ मिलिमीटरपर्यंत, १ ते २, २ ते ४ आणि ४ हून जास्त, अशा चार पायऱ्या आहेत. दुसरा शब्द ‘अल्सरेशन’, म्हणजे वरची कातडी फुटली आहे का. तिसरे म्हणजे कडा मोकळ्या आहेत का. रिपोर्टमध्ये खोलीच लिहिलेली नसेल तर तो मुकाट्याने घेऊन घरी येऊ नका, विचारा. आणि पॅराफिनचे ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) व स्लाइड्स (त्याच्या काचपट्ट्या) मागून घेऊन जपून ठेवा. दुसऱ्या इस्पितळात पहिल्यांदा त्याच मागतात.

डाग नखाएवढा, मग एवढे मोठे का कापतात?

डोळ्यांना दिसतो त्याच्या पलीकडेही पेशी असू शकतात म्हणून. किती पलीकडे कापायचे ते खोलीवर ठरते. मेलानोमा वरच्या थरातच असेल तर अर्धा ते एक सेंटिमीटर, १ मिलिमीटरपर्यंत खोल असेल तर १ सेंटिमीटर, १ ते २ मिलिमीटरला १ ते २ सेंटिमीटर, त्याहून खोल असेल तर २ सेंटिमीटर, आणि हे चारही बाजूंनी. नखाएवढ्या डागाचा खड्डा वाटीएवढा होतो तो असा. त्याहून जास्त कापल्याने आयुष्य वाढत नाही, हे अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा ‘अजून कापा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका.

टाचेवरचा खड्डा भरतात कसा?

लहान असेल तर शिवतात किंवा आपोआप भरू देतात. मोठ्याला मांडीची पातळ कातडी आणून लावतात, तोच ग्राफ्ट. भार पडणाऱ्या टाचेसाठी कधी तळव्याच्या मधल्या खोलगट भागातून मांसासकट कातडी वळवून आणतात, ती जास्त टिकते.

आईला ग्राफ्ट होता. त्यावर कापसाचा गोळा टाके घालून घट्ट बांधला होता, तो पाचव्या दिवशी उघडला. आत कातडी जांभळट गुलाबी होती. मला वाटले, गेली. नर्सबाई म्हणाल्या, “असाच रंग हवा, पांढरी पडली असती तर काळजी.” गंमत म्हणजे पायापेक्षा मांडी जास्त दुखते, हे आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते. तिथली कातडी सोललेली असते, नसा उघड्या असतात. ते ड्रेसिंग ओढून काढायचे नाही. साधारण दोन आठवड्यांत खालून भरते आणि आपणहून सुटते.

पाय उशीवर उंच आणि सर्जन सांगेपर्यंत टाच जमिनीला नाही. घरातले न्हाणीघर आणि शौचालय यांचा विचार आधी करा. आमचे न्हाणीघर परसात, दोन पायऱ्या उतरून. बाबांनी खुर्चीची बैठक कापून कमोड केला.

नखाखाली आहे. बोट काढावेच लागेल का?

नेहमी नाही. वरच्या थरातच असेल तर नखाची पूर्ण जागा काढून ग्राफ्ट लावतात, बोट राहते. खोल गेला असेल तर बोटाचे टोक, कधी पूर्ण बोट काढावे लागते. एक बोट गेले की चाल बिघडते, पण माणूस चालतो.

जांघेतली गाठ कशासाठी तपासतात? हाताला तर काही लागत नाही.

कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला, पाट डोळ्यांपुढे आणा. वरून सोडलेले पाणी आधी पहिल्या अळ्यात शिरते, मग दुसऱ्यात. पायातून निघालेल्या कॅन्सरच्या पेशीही बहुधा आधी जांघेतल्या एका ठरावीक गाठीत (लसिकाग्रंथीत) पोचतात. ती शोधायला डागाभोवती किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग टोचतात, जिथे पोचेल ती गाठ काढून तपासतात. याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. खोली १ मिलिमीटरच्या वर असेल तर ती करायला सांगतात. ०.८ च्या पुढे किंवा कातडी फुटलेली असेल तरीही विचार करतात. ती मोठ्या कापण्याबरोबर एकाच वेळी व्हायला हवी. आधीच कापून ग्राफ्ट लावला तर पाटाची वाटच बदलते. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट निळी दिसली तर घाबरू नका, तो त्या रंगाचा प्रताप.

त्या गाठीत कॅन्सर निघाला तर जांघेतल्या सगळ्या गाठी काढायच्या?

पूर्वी सरसकट काढत. २०१७ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा थोडासा कॅन्सर असेल तर सगळ्या गाठी काढून माणूस जास्त जगत नाही, आणि पाय मात्र सुजतो. आता बहुतेकदा ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. हाताला लागणारी मोठी गाठ असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे शस्त्रक्रिया लागते. नंतर पाय सुजला तर गावात ‘हत्तीरोग झाला’ म्हणतील, म्हणू द्या. दाब देणारा मोजा घाला आणि बारीकसारीक जखमही लगेच धुऊन दाखवा.

चवथ दोन महिन्यांवर आली आहे. गणपती झाल्यावर शस्त्रक्रिया केली तर चालेल का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो. तारीख मिळाली असेल तर घ्या. गणपतीवरची माटोळी बांधायला शेजारचे येतील.

केमो द्यावी लागते का?

मेलानोमावर केमो फारशी चालत नाही. डकार्बाझिन हे औषध १९७५ पासून वापरात आहे, पण त्याने शंभरातल्या दहा-पंधरा जणांच्याच गाठी लहान होतात आणि तेही थोड्या काळासाठी. नवी औषधे परवडत नाहीत किंवा चालत नाहीत तेव्हा केमो देतात.

इम्युनोथेरपी म्हणजे काय? ताकद वाढवणारे सलाइन का?

ताकदीचे सलाइन मुळीच नव्हे. मी घरी असे समजावले: शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे गावाचा राखणदार. तो परक्याला अडवतो, पण कॅन्सरची पेशी त्याला ‘मी आपलाच’ अशी खूण दाखवते आणि सुटते. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही औषधे ती खूण राखणदाराला दिसूच देत नाहीत. मग तो तिला पकडतो. इपिलिमुमॅब याच जातीचे, पण दुसऱ्या खुणेवर काम करते. इपिलिमुमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली, इतर दोघांना २०१४ मध्ये. या शोधांसाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

औषध दिसायला एवढेसे. पेम्ब्रोलिझुमॅबच्या एका कुपीत ४ मिलिलिटर. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवून ती आणतात. गोठवायची नाही, हलवायचीही नाही. दोन कुप्या सलाइनमध्ये घालून अर्ध्या तासात देतात, दर तीन आठवड्यांनी. आई म्हणाली, “इतकेच? याच्यापेक्षा दाताच्या डॉक्टरने जास्त वेळ बसवले होते.”

हे औषध कुणाला देतात? शस्त्रक्रियेच्या आधी की नंतर?

फुप्फुस, यकृत असे दूर पसरलेल्यांना मुख्य उपचार म्हणून. गाठीत पोचलेल्यांना, आणि खोल मेलानोमा असलेल्या काहींना, शस्त्रक्रियेनंतर वर्षभर, पुन्हा उलटू नये म्हणून. गेल्या काही वर्षांत क्रम बदलतो आहे. हाताला लागणारी गाठ असेल तर आधी दोन-तीन डोस, मग शस्त्रक्रिया, असे केल्यास आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते, हे २०२३ आणि २०२४ च्या अभ्यासांत दिसले. म्हणून मोठी गाठ असेल तर सर्जनकडे तारीख घेण्याआधीच औषधवाल्या कॅन्सरतज्ज्ञांनाही भेटा.

गोळ्यांचे औषधही असते ना?

असते, पण प्रत्येकाला लागू नाही. त्या ठेवलेल्या ब्लॉकवर ‘बीरॅफ’ जनुकाची तपासणी करतात. त्यात ठरावीक बदल असेल तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्या एकत्र देतात. परिणाम झपाट्याने दिसतो, पण बऱ्याच जणांत वर्षभरात कॅन्सर पळवाट शोधतो. थंडी वाजून ताप हा यांचा नेहमीचा त्रास. तापाला मलेरिया समजून गावातच गोळ्या खात बसू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. गोऱ्यांच्या कातडीच्या मेलानोमात सुमारे निम्म्यांत हा बदल सापडतो, तळपायाच्या प्रकारात फार कमी जणांत. आपल्याकडे ‘किट’ जनुकही बघायला सांगा. त्यात बदल निघाला तर इमॅटिनिब ही जुनी, भारतात स्वस्त मिळणारी गोळी काहींना लागू पडते.

इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम काय? केस जातात का?

केस सहसा जात नाहीत, आणि तिथेच फसगत होते. माणूस ठणठणीत दिसतो, घरचे निर्धास्त होतात.

राखणदार खवळला की आपल्याच माणसांवरही धावतो. आतड्यावर गेला तर जुलाब, यकृतावर गेला तर कावीळ, फुप्फुसावर गेला तर कोरडा खोकला आणि धाप, थायरॉइडवर गेला तर वजन आणि झोपेचे तंत्र बिघडणे. कातडीवर खाज, पांढरे डाग. क्वचित हृदयावर. हे पहिल्या डोसनंतरही होते आणि शेवटचा डोस होऊन काही महिन्यांनीही.

आईला सातव्या डोसनंतर जुलाब लागले. आदल्या दिवशी जत्रेत खाल्ले होते, म्हणून आम्ही जत्रेवर ढकलले आणि जुलाब थांबवायची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी ती उठेना. उपचार होता स्टिरॉइड, आणि तो दोन दिवस आधी सुरू व्हायला हवा होता. दिवसातून नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जावे लागले की तो जत्रेचा जुलाब नव्हे, असे समजा. वही किंवा मोबाइलच्या मागे चिठ्ठी चिकटवा: ‘माझ्यावर इम्युनोथेरपी चालू आहे’, खाली औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख. आरोग्य केंद्रात रात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला ती दाखवा. थायरॉइड गेला तर तो बहुधा परत येत नाही, पण रोजची एक गोळी घेऊन काम भागते.

पसरलेला असेल तर किती आशा ठेवायची?

पंधरा वर्षांपूर्वी याचे उत्तर महिन्यांत द्यायचे. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र घेतलेल्या, पसरलेल्या मेलानोमाच्या रुग्णांत १० वर्षांनी ४३ टक्के जिवंत होते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तो आकडा आपल्यावर जसाच्या तसा लावू नका. त्या अभ्यासात बहुतेक गोरे लोक होते, आणि तळपायाच्या मेलानोमावर ही औषधे त्यामानाने कमी चालतात. कमी म्हणजे मुळीच नाही, असेही नव्हे.

खर्च किती? सरकारी योजनेत बसते का?

शस्त्रक्रियेचा खर्च झेपण्यासारखा असतो, इम्युनोथेरपीचा डोंगर. पेम्ब्रोलिझुमॅबच्या एका डोसचा छापील दर लाखांत जातो. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना चार लाखांचे संरक्षण आहे. यादीतली शस्त्रक्रिया त्यात भागते, वर्षभराचे डोस भागणे कठीण. म्हणून पहिला डोस घेण्याआधी समाजसेवा विभागात बसा, कंपनीची रुग्णसाहाय्य योजना आहे का ते विचारा, आणि पूर्ण वर्षाचा हिशेब मांडा. दोन डोस दागिने मोडून घ्यायचे आणि तिसऱ्याला थांबायचे, असे करू नका.

मुंबईच्या टाटा इस्पितळाच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये निव्होलुमॅबचा अगदी छोटा, २० मिलिग्रॅमचा डोस उपयोगी पडतो असे दाखवले, हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. तो अभ्यास डोके आणि मानेच्या कॅन्सरचा होता. मेलानोमासाठी विचारा जरूर, पण गृहीत धरू नका.

गोव्यात करायचे की मुंबईला जायचे?

म्हापशाचे आजिलो किंवा मडगावचे हॉस्पिसियो या सरकारी इस्पितळांतून सुरुवात करून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जा. निदान, शस्त्रक्रिया, डोस यासाठी दर वेळी मुंबई गाठायची गरज नाही. माझ्या मते एक फेरी मात्र करावी: स्लाइड्स घेऊन परळला टाटात दुसरे मत, कारण हा आजार रोज बघणारे डोळे तिथे आहेत. उपचार पुढे घराजवळ घ्यावेत.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट आहे, सोबत्याला ७५ टक्के. इस्पितळाच्या सही-शिक्क्याचा ठरावीक नमुन्यातला फॉर्म लागतो. कोकणकन्या एक्सप्रेसने संध्याकाळी मडगावहून बसलात की सकाळी मुंबईत. खालचा बर्थ मागा, ग्राफ्टचा पाय वर चढत नाही.

काढे, शिवराक (शाकाहारी) जेवण, मासे बंद?

हुमण-भात (माशांची आमटी आणि भात) खाऊ द्या, जखम भरायला प्रथिने लागतात. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे आणि चूर्णे मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत. त्यातली काही यकृताला त्रास देतात, आणि मग रक्ताच्या रिपोर्टमध्ये यकृत बिघडलेले दिसले तर दोष औषधाचा की काढ्याचा, हे कळत नाही.

उपचार संपल्यावर तपासणी किती दिवसांनी?

पहिली दोन-तीन वर्षे साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी, मग अंतर वाढते. मधल्या काळात महिन्यातून एकदा आंघोळीनंतर आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखे बघा. ग्राफ्टच्या कडेला किंवा तिथून जांघेपर्यंतच्या वाटेवर बारीक काळा दाणा दिसला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. घरातल्या इतरांचेही पाय त्याच दिवशी बघून घ्या.

पुन्हा शेतात उतरता येते का?

ग्राफ्टच्या कातडीला घाम येत नाही, जाणीवही कमी. काटा रुतला तरी कळत नाही. आईने वर्षभर टिकाव धरला, मग एके सकाळी बांधावर गेलीच. आता गुडघ्यापर्यंत गमबूट, टाचेखाली मऊ फोम, त्यात ग्राफ्टच्या आकाराचा खळगा कापलेला, आणि घरी आल्यावर सर्वांत आधी पाय धुऊन खोबरेल तेल. खळगा मी कापते, दर दोन महिन्यांनी नवा.